आई, मला नको होतं असं सांगायचं होतं

आई, तुमचं तेरावं परवा झालं आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी भांडण. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत, आणि मध्ये चहालासुद्धा थांबला नसतात.

तर. मला मूल नाही ते मकरंदमुळे, त्याच्यात दोष आहे, असं तुम्ही सगळीकडे सांगून ठेवलंत. इथल्या, दिल्लीच्या द्वारकेतल्या आपल्या मराठी बायकांना, फरिदाबादच्या शोभाआत्यांना, पहाडगंजच्या गुरुजींच्या बायकोलासुद्धा. स्वतःच्या पोटच्या, एकुलत्या एका मुलाबद्दल! आणि मी तुमची सून, तुमच्याच घरात, एकाच कुकरचा वरणभात इतकी वर्षं खाल्ला, पण मला याचा वाससुद्धा लागू दिला नाहीत. मी आपली मूर्खासारखी समजत होते की मी मूल नको म्हणाले आणि हळूहळू का होईना, लोकांनी ते पचवलं. कसलं पचवलं हो! त्यांच्या पानात ते कधी वाढलंच गेलं नव्हतं.

तुम्हाला सांगितलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सरोजिनी नगरचा बाजार, थंडी, रविवारची मरणाची गर्दी. बाबा नोकरीत असताना तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये तुम्ही अर्धा जन्म काढलात. बाबा गेल्यावर द्वारकेला फ्लॅटमध्ये आलात, तरी तुमचं बाजाराचं माहेर सरोजिनीच राहिलं. घराखाली सगळं मिळत असताना मेट्रो बदलून, रिक्षा करून, पिशव्या धरायला मला घेऊन तुम्ही तिथेच जायचात. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. कपड्यांच्या एका ढिगातून तुम्ही बाळाचा एक पिवळा स्वेटर ओढून काढलात, उलटा करून शिवण बघितलीत आणि माझ्यासमोर धरलात. तोंडानं काही नाही. दर खेपेला असंच चालायचं. कधी झबलं, कधी मोजे, कधी ती कान असलेली टोपी. नुसतं धरायचं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आई, माझ्यासाठी घेऊ नका. मला मूल नकोय. होत नाही असं नाही. नकोय."

स्वेटरवाला मध्येच म्हणाला, आंटी, लेना है तो बोलो. तुम्ही त्याला म्हणालात, रुको भैया, इधर दूसरा कुछ चल रहा है. मग मकरंदला माहीत आहे का, असं मला विचारलंत. मी म्हटलं, लग्नाच्या आधीपासून. तुझ्या आईला? तिला सांगितलंय, तिनं ऐकून घेतलेलं नाही. त्या धक्काबुक्कीत तुम्ही स्वेटरची घडी घातलीत. मग म्हणालात, "मला नातवंड हवं होतं. सांगून ठेवते तुला. हवंच होतं." आणि पुन्हा त्या भैयाकडे वळून, भरपूर घासाघीस करून स्वेटर घेतलात, खालच्या मजल्यावरच्यांच्या नातीसाठी.

नंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी भाजी-आमटीपुरतंच बोललात. मकरंद आपल्या दोघींच्या मधून सरकारी फाइलीसारखा फिरत होता. आणि एका सकाळी मी ऑफिसला निघताना, माझ्या डब्याचं झाकण लावता लावता तुम्ही म्हणालात, "लोकांचं माझ्यावर सोड. तू कोणाला काही सांगत बसू नकोस. मी बघते."

मी गुडगावपर्यंत कॅबमध्ये रडत गेले, आनंदानं. पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, म्हटलं यार, अशी सासू दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही. मला वाटलं, मी जे तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही लोकांना सांगणार. दुसरं काय वाटणार माणसाला? सरळ बोललेल्या वाक्याचा सरळच अर्थ घेते मी. त्यात माझी काय चूक, ते आता तरी सांगा.

बरं, तुम्हाला ते पटलं होतं असंही नाही. पटलं तर तुम्हाला कधीच नाही. निदान त्या बाबतीत तुम्ही प्रामाणिक होतात. दिवाळीचं भाजताना, गहू निवडताना, मालिकेच्या जाहिरातींमध्ये, तुमचं सुरू व्हायचं. कारण काय पण? कारण सांग ना एखादं. मी म्हणायचे, आई, भूक नसल्याला कारण असतं का? भूक नाही म्हणजे नाही. तर तुम्ही म्हणायचात, भूक नसली तरी वेळेला चार घास खाऊन घ्यावेत, मागाहून लागते. मी एकदा दाणदाण पाय आपटत उठून गेले, तर तुम्ही मागून म्हणालात, जाताना गॅस बारीक कर.

म्हातारपणी पाणी कोण देईल, हा तुमचा हुकमाचा पत्ता. तो तुम्ही एकदा टाकलात तेव्हा तुम्हाला ताप होता, मकरंद बंगळूरला होता, आणि मी सुट्टी काढून तुमच्या उशाशी बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला मुलगा आहे ना? मग आत्ता हातात ग्लास कोणाच्या आहे? तुम्ही तापातसुद्धा इतक्या हसलात की खोकला लागला. "जिंकलीस," म्हणालात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तुम्ही म्हणालात, कालचं ते तापात बोलले, ते धरायचं नाही.

अशा तुम्ही. आणि बाहेर मात्र माझ्यासाठी काय काय चाललं होतं!

आपल्याकडे डोहाळजेवणात ओटी भरायला लेकुरवाळी लागते, हे मी लहानपणापासून बघत आले. माझी एक मावशी होती, मूल नसलेली. तिला अशा वेळी कोणीतरी हळूच कोशिंबीर कालवायला आत पाठवायचं. त्यामुळे सोसायटीतल्या पहिल्या डोहाळजेवणाला मी आपण होऊनच स्वयंपाकघरात गेले, म्हटलं कोशिंबीर कुठे आहे. तर बाहेरून हाका. पहिली ओटी मुग्धाच भरेल! मला धरून बाहेर आणलं, पदर खोचायला लावला, हातात नारळ दिला. त्या पोटुशी मुलीच्या सासूनं स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बारशालासुद्धा बाळ आधी माझ्या हातात. मी घरी येऊन तुमच्यासमोर किती नाचले! म्हटलं, आई, बघा, दिल्लीच्या बायका पुण्याच्या शंभर पावलं पुढे आहेत. मूल नको म्हणणाऱ्या बाईला पहिली ओटी भरायला देतात. तुम्ही तेव्हा मटार सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, असतात काही बायका चांगल्या.

असतात काही बायका चांगल्या! आणि दाण्यांचा एक बकाणा भरलात.

मला आता कळतंय की ती ओटी बायका माझ्याकडून का भरून घ्यायच्या. मी सोशिक होते ना. नवऱ्यात दोष, तरी तोंडातून ब्र काढत नाही, त्याला सोडून जात नाही, सासूला सांभाळते. असल्या बाईचा हात लागला तर पोरीचं बाळंतपण सुखरूप होईल. मी त्यांच्या दृष्टीनं वटपौर्णिमेच्या कथेतून उठून आलेली बाई होते, आणि मी स्वतःला काय समजत होते तर बंडखोर. अहो आई, मी ऑफिसमधल्या मुलींना यावर भाषण दिलंय. बदल कसा घरापासून होतो यावर. बिल्कुल लाज आणलीत मला.

आणि एक राहिलंच. मला असं पुढे ढकलून तुम्ही स्वतः दाराशी उभ्या राहायचात. विधवा म्हणून. पेढ्यांचं ताट घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं तोंड गोड करत. मी कितीदा म्हटलं, तुम्हीही भरा ओटी, कोण काय म्हणतंय बघू. तर म्हणे, "माझं मी बघते." का हो? माझ्यासाठी गावभर थापा मारायची तुमची तयारी, आणि स्वतःसाठी एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकवत नव्हतं? हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. उरलेलं अर्धं मी आता कोणाच्या डोक्यावर घालू?

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात ती केरळची सिस्टर होती ना, बडबडी. सलाईन लावता लावता तिनं मला विचारलं, दीदी, आपके बच्चे कितने हैं? मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही पडल्या पडल्या बोललात, आवाज अगदी बारीक झाला होता तरी. "इसको बच्चा नहीं चाहिए था, सिस्टर. पहले ही बोल दिया था इसने. बहुत जिद्दी है." सिस्टर म्हणाली, अच्छा, और आपने कुछ नहीं बोला? तर तुम्ही म्हणालात, "मैं तो आज तक बोल रही हूँ."

मला इतका अभिमान वाटला तुमचा! म्हटलं, बघा, मरणाच्या दारातसुद्धा बाई खरं बोलते, सगळ्यांना हेच तर सांगत आली असणार. मला काय ठाऊक, इतक्या वर्षांत तुम्ही ते खरं एकाच माणसाला सांगितलंत, आणि तेही जिच्याशी तुमची पुन्हा कधी गाठ पडणार नव्हती अशा बाईला.

तुम्ही गेलात. ते मी इथे लिहिणार नाही, मला ते अजून जमत नाही.

दहाव्याला आम्ही गढगंगेला गेलो, दिल्लीहून जवळची गंगा तीच. दोन गाड्या. मकरंद, मी, शोभाआत्या, आत्यांची मंडळी आणि पहाडगंजचे गुरुजी. मकरंदनं विधी केले, पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते की. शेजारच्या नावेच्या काठावर चांगले ओळीनं बसले होते. पण शिवायला एक येईल तर शपथ. तिथला एक म्हातारा पंडा बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं मला विचारलं, बहनजी, ये कौए का क्या चक्कर है? मी त्याला सांगितलं, आमच्याकडे गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरच्यांनी ती पुरी करायचं कबूल करायचं, की शिवतो. तो म्हणाला, वाह, आप लोगों में तो मरने के बाद भी मनवा लेते हैं. तुम्हाला हे वाक्य आवडलं असतं.

मग कबुलीजबाब सुरू झाले. मकरंद हात जोडून म्हणाला, आई, तुझी तुळस मी सुकू देणार नाही. कावळे ढिम्म. आत्या म्हणाल्या, वहिनी, मकरंदला मी अंतर देणार नाही. ढिम्म. आत्यांच्या यजमानांनी तर सरोजिनीच्या मारुतीला तेल घालायचं कबूल केलं. आणि मग शोभाआत्या हळूहळू माझ्याकडे वळल्या.

त्या म्हणाल्या, "मुग्धा, वहिनीचा जीव नातवंडात अडकलाय. दत्तक घेऊ असं म्हण. मकरंदमध्ये दोष आहे, तुझ्यात नाही, वहिनीनं मला सगळं सांगितलंय. त्याला कमीपणा येईल म्हणून तू आजवर तोंड उघडलं नाहीस, तुझे उपकार आहेत आमच्या घरावर. पण आता तिच्यासाठी एवढं म्हण."

मी मकरंदकडे बघितलं. ओलं धोतर, उघडा, थंडीनं कुडकुडतोय, आणि मान खाली. मला वाटलं, बिचाऱ्यावर वीजच पडली. गुरुजी दुसरीकडे बघायला लागले, पण त्यांना नवीन काही ऐकल्यासारखं वाटलं नव्हतं, हे मला दिसलं. आत्यांचे यजमानही तसेच. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे उभं राहून मला एकेक ओटी, एकेक बारसं, एकेक कुंकवाचं बोट आठवलं, आणि सगळ्यांचा अर्थ एका क्षणात बदलला. माझ्या पायाखालची वाळू खरोखर सरकत होती, नदीकाठच होता तो.

'हो' म्हणता आलं असतं. एक वाक्य, कावळा कदाचित आलाही असता, आम्ही सगळे वेळेत घरी. पण आई, माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट पूर्णपणे स्वतःची ठरवली होती. शिक्षण वडिलांनी ठरवलं, नोकरी बाजारानं, दिल्ली तुमच्या मुलानं. हे एकच माझं होतं. आणि तेच तुम्ही माझ्या नावावरून काढून दुसऱ्याच्या दुखण्याच्या नावावर करून टाकलं होतंत. मी तिथे गप्प बसले असते तर ते कायमचं तसंच राहिलं असतं.

म्हणून मी पिंडाकडे तोंड करून, आत्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलले. "मकरंदमध्ये काही दोष नाही. माझ्यातही नाही. मला मूल नको होतं. मी ठरवलं, त्यानं मान्य केलं, आणि आईंना हे खरं माहीत होतं. दत्तकही आम्ही घेणार नाही."

मला वाटलं, झालं, आता कोसळणार आभाळ. कोसळू दे.

तर शोभाआत्यांनी पदर डोळ्यांना लावला. पुढे आल्या, मला छातीशी घट्ट धरलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "बघा, अजूनसुद्धा नवऱ्यावर येऊ देत नाही."

आई, मी तुम्हाला सांगू? गंगेत उडी मारावीशी वाटली. इतकं पक्कं खोटं! तुम्ही ते एवढ्या वर्षांत असं मुरवलं होतंत की माझं खरं त्याच्यावर आपटून त्यालाच आणखी बळकट करून परत आलं. आता मी जेवढं जास्त ओरडून सांगेन तेवढी जास्त पतिव्रता ठरणार. शेवटी गुरुजी म्हणाले, उशीर होतोय, हायवेला जाम लागेल, आणि पिशवीतून दर्भ काढून, गाठ मारून त्याचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. तुमच्या सगळ्या इच्छा अशा दर्भाच्या कावळ्यानं उरकल्या.

परतीच्या वाटेवर मी मकरंदला म्हटलं, आईंनी असं करायला नको होतं, मला फार वाईट वाटतंय रे तुझ्यासाठी. तो खिडकीबाहेर बघत होता. मान न वळवता म्हणाला, "तिनं मला विचारलं होतं."

मी म्हटलं, काय?

तेव्हाच, म्हणाला. ते सरोजिनीचं झालं ना, त्यानंतर. आई म्हणाली, मुग्धाला नको आहे असं सांगितलं तर बायका तिला सोलून काढतील. मुग्धाला होत नाही असं सांगितलं तर तुझ्यासाठी दुसरी बघतील. तुझ्यात दोष आहे म्हटलं की सगळ्या गप्प बसतील. चालेल का तुला? आणि मी आईला म्हटलं, चालेल.

चालेल! एवढंच. भाजीत मीठ कमी आहे, चालेल का, असं विचारल्यासारखं. आणि मग मला आठवलं, गणपतीत मंडळाचे ते दोन-तीन काका मकरंदला हमखास कोपऱ्यात घ्यायचे आणि तो खिशात काहीतरी घालून घरी यायचा. चूर्णाच्या पुड्या, कुठल्या वैद्याचे अवलेह, शिलाजित. मी विचारलं तर म्हणायचा, गुडघ्यासाठी दिलंय. यानं इतकी वर्षं भर मांडवात ती औषधं हात जोडून घेतली. मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंत तुम्ही दोघांनी? तर म्हणाला, तू चालू दिलं नसतंस.

नसतंच दिलं! तेच तर म्हणतेय मी. माझ्या बाबतीतली गोष्ट होती, मला न विचारता तुम्ही मायलेकांनी परस्पर ठरवलीत. ती करताना तुमचा लेक तुम्ही पणाला लावलात, मला दिसतंय ते. कुठल्याही आईची जीभ रेटणार नाही असं तुम्ही चार बायकांत बसून बोललात, आणि ते सुनेसाठी. त्याबद्दल तुमच्या पाया पडावंसं वाटतं आणि लगेच पुढच्या क्षणाला तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याचं मी काय करू ते कळत नाही. रागवावं तर माणूस नाही, रडावं तर राग येतो.

परवा तेराव्याला घर भरलं होतं. घाटावरची गोष्ट आत्यांनी आधीच सगळ्यांना सांगितली होती. बाहेरच्या खोलीत बायका एकमेकींना सांगत होत्या, असं मन हवं, असं मन मिळत नाही हो आता. मी वैतागून स्वयंपाकघरात आले आणि उगाचच ओटा पुसत बसले. तेवढ्यात समोरच्या टॉवरमधली ऋता आत आली. तुम्हाला आठवते ना, नागपूरची, गुडगावला आयटीत आहे, लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. तिच्या डोहाळजेवणाची तिची सासू आत्तापासून स्वप्नं बघते, मलाच पहिली ओटी भरायला सांगून ठेवलीय. ऋतानं दार अर्धं लोटलं आणि हळूच विचारलं, "ताई, घाटावर तुम्ही म्हणालात ते खरं होतं ना?"

मी फडकं खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की ही मला विचारत नाहीये, स्वतःचं सांगतेय. मी म्हटलं, हो गं. खरं होतं. नकोच होतं मला.

तिनं असा काही श्वास सोडला, आई! म्हणाली, तिला वाटायचं अशी बाई नसतेच, म्हणजे मराठीत, घरात, कुंकू लावून, सासूबरोबर राहून. सिनेमात असते नाहीतर परदेशात. ती याच सोसायटीत, समोरच्या खिडकीत राहत होती, दोन वर्षं मला कपडे वाळत घालताना बघत होती, आणि तिला माझी दया यायची. खरं ठाऊक असतं तर ती पहिल्याच महिन्यात माझ्याकडे आली असती. दोन वर्षं ती पोरगी एकटी कुढत बसली, आई. तुमच्या खोट्यानं मला सावली दिली खरी, पण तिला माझा पत्ता लागू दिला नाही. हे तुमच्या लक्षात आलं नसणार. येणार तरी कसं, तुम्हाला मी एकटीच दिसत होते.

मग तिनं विचारलं, तुमच्या सासूबाईंना तुम्ही सांगितलंत तेव्हा त्या काय म्हणाल्या?

मी तोंड उघडलं ते तुमची चांगली खरडपट्टी काढायला. पण तिला जे हवं होतं ते वेगळं होतं, म्हणून मी नीट आठवून सांगितलं. म्हटलं, त्यांना आवडलं नाही. पटलं नाही, शेवटपर्यंत नाही. रोज वाद घातला माझ्याशी. पण वाद घालताना त्यांनी माझ्या पानात वाढणं कधी कमी केलं नाही, आणि हे तुझं चुकलं असं त्या बोलल्या ते फक्त मला, माझ्या तोंडावर. दुसऱ्या कोणाला ते बोलू दिलं नाही.

बाहेर ऋताची सासू तिला हाका मारत होती. जाता जाता ती म्हणाली, "एवढं जरी मिळालं ना ताई, तरी पुष्कळ आहे."

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला तुमच्यासाठी धड रडू आलं. कारण मला ते मिळालं होतं. नुसतं मिळालं नव्हतं, इतकं भरपूर मिळालं होतं की मी ते गृहीत धरून वर तुमच्याशी भांडत होते.

पण मी हे खोटं चालू ठेवणार नाही, आई. मकरंदशी बोलले, तो म्हणाला, चालेल. त्याचं आपलं नेहमीचंच. पुढच्या डोहाळजेवणाला माझ्या हातात नारळ दिला की आधी मी सगळ्यांसमोर सांगणार, मला मूल नाही, कारण मला नको होतं. नाही विश्वास ठेवला तर पुन्हा सांगणार. ऋताच्या सासूच्या घरी जाऊन, तिच्या सोफ्यावर बसून सांगणार. कदाचित ओटी जाईल, बारसं जाईल, आत्यांचा फोन बंद होईल. कदाचित तुम्ही जे जे टाळलंत ते सगळं आता माझ्या अंगावर येईल. येऊ दे.

तुम्ही असतात तर 'मी बघते' एवढ्या दोन शब्दांत मला गप्प केलं असतंत. आणि तुम्हाला म्हणून सांगते, मी गप्प बसलेही असते.